सुसान्नेचा पदर

प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी पवित्र मिस्सात पहिले वाचन येते ते दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातून. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये हा अध्याय नाही. म्हणून बाबेलात राहणाऱ्या सुसान्नेची ही कथा सांगत राहण्याचे काम एका अर्थी आपल्यावरच येऊन पडते. कथा वाचकांच्या परिचयाची आहे. योवाकीमच्या बागेत त्याची पत्नी स्नान करू पाहते. दोन वडीलधारे न्यायाधीश झाडांआड दबा धरून बसलेले असतात. ती त्यांना वश होत नाही, तेव्हा तेच तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. भरसभेत तिला मरणदंड सुनावला जातो आणि तरुण दानिएल त्या दोघांची वेगवेगळी उलटतपासणी घेऊन तिला वाचवतो.

या अध्यायातील एक गोष्ट मात्र आपल्या कानांवर सहसा पडत नाही. सुसान्ना सभेपुढे आली ती चेहरा झाकून. न्यायाधीशांनी तो पदर दूर करण्याची आज्ञा केली, कारण तिचे रूप डोळे भरून पाहण्याची त्यांची वासना अजून शमली नव्हती. नातलग रडत होते, लोक पाहत होते, आणि न्यायासनावरूनच हा दुसरा अपराध घडत होता. मिस्साच्या वाचनग्रंथात हा अध्याय दीर्घ आणि संक्षिप्त अशा दोन रूपांत दिला आहे. संक्षिप्त रूपात बाग आणि स्नान हा भागच नाही, आणि दीर्घ रूपातही पदर ओढण्याची ती ओळ वगळलेली आहे. ती वाचायची तर घरी बायबल उघडावे लागते.

स्त्री-चित्रकारांविषयीच्या लेखाचा आरंभ आम्ही या वगळलेल्या ओळीपासून का करतो, असे वाचक विचारतील. कारण असे की, गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या देशातील स्त्री-कलावंतांनी जे निर्माण केले, त्यातील बरेचसे या एका ओळीभोवतीच फिरते आहे. पाहणारा कोण, जिला पाहिले जाते ती कोण, आणि पदर केव्हा घ्यावा व केव्हा दूर सारावा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, असे ते प्रश्न आहेत. वर्तमानपत्रांत अशा प्रदर्शनांच्या बातम्या येतात तेव्हा धर्मग्रामातील आईवडील आम्हांला विचारतात, "फादर, ही कला म्हणायची की निर्लज्जपणा?" कोणाची मुलगी चित्रकला शिकायला मुंबईला जायचे म्हणत असते, तर कोणाच्या मुलाने मोबाईलवर काहीतरी पाहिलेले असते. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर असावे.

प्रथम खाजगीपणाचा विषय घेऊ. सुसान्नेचे स्नान हा युरोपीय चित्रकारांचा आवडता विषय होता. व्हेनिसच्या तिंतोरेत्तोने १५५५ च्या सुमारास काढलेले चित्र व्हिएन्नात आहे. त्यात सुसान्ना आरशात स्वतःचे रूप न्याहाळते आहे आणि म्हातारे कुंपणाआडून डोकावत आहेत. चित्रापुढे उभा राहणारा प्रेक्षकही तिसऱ्या म्हाताऱ्यासारखा तिला न्याहाळू लागतो. पुढे १६१० मध्ये रोममध्ये आर्तेमिसिया जेंतिलेस्की या सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील मुलीने हाच प्रसंग रंगवला. तिच्या चित्रात आरसा नाही, रम्य बागही नाही. थंड दगडी कट्ट्यावर सुसान्ना अंग आक्रसून, मान वळवून, दोन्ही हातांनी त्या दोघांना दूर लोटते आहे. वस्त्र येथेही अंगावर नाही. परंतु चित्र पाहणाऱ्याला सुख वाटत नाही, तिची घुसमट वाटते. पुढल्याच वर्षी, १६११ मध्ये, या मुलीवर तिच्या वडिलांच्या परिचयातील एका चित्रकाराने बलात्कार केला. १६१२ मध्ये रोममध्ये खटला चालला. तिची साक्ष खरी की खोटी हे पडताळण्यासाठी न्यायालयाने तिच्याच बोटांना दोऱ्या बांधून त्या आवळल्या. आरोपी दोषी ठरला. बोटे मात्र तक्रार करणारीची आवळली गेली. पदर ओढण्याची ती ओळ अशी वारंवार जिवंत होत असते.

विषय एक, वस्त्रहीनता एक, तरी तिंतोरेत्तोचे चित्र आणि आर्तेमिसियाचे चित्र यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. स्त्रीवादी कला म्हणून जे काही म्हटले जाते, त्याचे बीज या अंतरात आहे असे आम्हांला वाटते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १९९५ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या आवारात रुमाना हुसेन या चित्रकर्तीने एक प्रयोग सादर केला. त्यात कॅनव्हास नव्हता, स्वतःचे शरीर हेच माध्यम होते. पायांत घुंगरू, हातात मधोमध चिरलेली पपई आणि तोंड किंकाळी फोडावी तसे उघडलेले. पण आवाज नाही. अशा स्थितीत त्या लोकांसमोरून संथपणे चालत राहिल्या. १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येत मशीद पाडली गेली आणि त्यानंतर मुंबई पेटली. त्या काळापासून रुमानाबाईंनी फुटलेली मातीची भांडी, चिरलेली फळे अशा वस्तू कलेत आणल्या. कोणत्याही समाजांचा संघर्ष असो, घाव शेवटी बाईच्या देहावर बसतो, हे त्या मुक्या किंकाळीतून त्यांनी सांगितले असे आम्ही समजतो. त्यांचे १९९९ मध्ये कर्करोगाने निधन झाले. पपईचा अर्थ ज्यांना कळत नाही ते तिला अश्लील म्हणतील. ज्यांनी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने चालताना छिन्नविच्छिन्न देहापुढे गुडघे टेकले आहेत, त्यांना घायाळ देहाची ही भाषा इतकी परकी वाटू नये.

दुसरा विषय स्वप्रतिमेचा. बाईने आपले चित्र आपणच रेखाटावे, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसाला नवी नाही. १९३० च्या दशकात लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, तेव्हा त्यांनी दुसरे काय केले? पतीचा विक्षिपतपणा, स्वतःचे भांडण, स्वतःचे अज्ञान, सोवळ्याओवळ्याची फजिती, हे सर्व त्यांनी कोणाची परवानगी न मागता मांडले. त्यात स्वतःला देवी करून घेतले नाही आणि दीनवाणेही केले नाही. रंगांच्या बाबतीत असेच एक नाव आपल्या कॅथॉलिक समाजाने आठवणीत ठेवायला हवे. मुंबईच्या अँजेला त्रिंदाद (१९०९ ते १९८०) या सर जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि त्यांनी प्रभू येशू व पवित्र मरिया यांना भारतीय वेशात रंगविले. त्यांची व त्यांचे वडील चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रे आज पणजीत जपून ठेवलेली आहेत. स्वर्गाच्या राणीला आपल्या घरची साडी नेसवण्याचे धैर्य एका बाईने दाखवले. त्या काळी हेही लहान धैर्य नव्हते.

याच वाटेने पुढे आलेल्या बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांचे काम आम्हांला विशेष विचारात पाडते. २००० ते २००४ या काळात त्यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्या साह्याने दक्षिण भारतीय स्त्रियांच्या प्रचलित प्रतिमांची एक मालिका केली. रविवर्म्याच्या चित्रातील चांदण्यातली नायिका, कॅलेंडरवरील लक्ष्मी, पोलिसांच्या छायाचित्रातील संशयित, अशी एकेक सोंगे घेऊन त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांतच वेलांकणी मातेचीही एक प्रतिमा आहे. आपल्यापैकी काहींना ते ऐकून धक्का बसेल. परंतु त्या चित्रात थट्टा आहे असे आम्हांला दिसत नाही. देवघरातील तसबिरीपासून पोलीसठाण्यातील छायाचित्रापर्यंत बाईला किती ठरावीक साच्यांत उभे केले जाते, आणि त्या प्रत्येक साच्यामागे श्वास घेणारी एक बाई असते, एवढेच ती मालिका दाखवते. नाझरेथची मरियासुद्धा तसबिरीत जाण्यापूर्वी पाणी भरणारी, दळण दळणारी एक मुलगी होती, हे आपण प्रवचनांत सांगतोच.

त्या मालिकेतील आणखी एक चित्र आमच्या नंदुरबार जिल्ह्याला फार लागू पडते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभ्यासक आदिवासी माणसांना चौकटी आखलेल्या पडद्यापुढे उभे करीत, त्यांच्या अंगांची मापे घेत आणि छायाचित्र काढीत. पुष्पमालाबाई तशाच पडद्यापुढे स्वतः उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेनुसार आमच्या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तो मोजपट्टीचा पडदा आता नाही, पण त्याची जागा मोबाईलने घेतली आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी सुप्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल वाजतात, पुरुष अंगावर ठिपक्यांची नक्षी रंगवून, कमरेला भोपळे व घुंगरू बांधून आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून नाचतात. अलीकडे शहरांतून पाहुणे येतात आणि त्यांतील कित्येक जण चांदीचे दागिने ल्यालेल्या मुलींच्या चेहऱ्यासमोर, विचारल्याशिवाय, फोन धरतात. मुलगी तोंड फिरवते, तर तिला हसून म्हणतात, इकडे बघ. ते चित्र पुढे कोठे जाते, कोण पाहतो आणि त्याखाली काय लिहितो, हे तिला कधीच कळत नाही. सुसान्नेच्या सभेत निदान सर्व चेहरे समोर होते.

तिसरा विषय सार्वजनिक जागेचा. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' या नावाचे इंग्रजी पुस्तक लिहिले. पुरुष रस्त्यावर उगाच उभा राहू शकतो, बाईला मात्र प्रत्येक ठिकाणी आपण कशासाठी आलो हे दाखवावे लागते, असा त्यातील एक विचार आहे. आमच्या भागात हे पडताळण्यासाठी पुस्तकाची गरज नाही. चहाच्या टपरीपुढच्या बाकावर कोण बसलेले असते आणि एस. टी. स्थानकावर कडेला गाठोड्यावर कोण टेकलेले असते, हे पाहिले म्हणजे पुरे.

पण याच मातीतील दुसरी हकिकतही सांगितली पाहिजे. १९७२ च्या सुमारास शहादा भागात आदिवासी शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. त्या वेळी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्या चळवळीत स्त्रिया पुढे आल्या, गावोगाव निघाल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. नवऱ्याच्या व्यसनापायी घरात जे निमूट सोसले जात होते, ते त्यांनी चव्हाट्यावर आणले. त्याला कोणी कला म्हटले नाही आणि म्हणण्याचे कारणही नाही. पण घरातले दुःख चौकात आणल्याशिवाय सुटत नाही, हे आमच्या भिल्ल भगिनींना कलावंतांच्या आधी उमगले होते.

कला जागेला कशी बदलते याचे उत्तम उदाहरण बस्तरमध्ये आहे. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या मुंबईच्या नवज्योत अल्ताफ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून छत्तीसगडमधील कोंडागाव परिसरात शांतीबाई, राजकुमार आणि गेस्सूराम या स्थानिक कलावंतांबरोबर काम करीत आल्या आहेत. तेथील हापशांभोवती त्यांनी मिळून 'नलपार' नावाच्या जागा घडवल्या. हापशाभोवतीचा चिखल हटवला, भिंती उभारल्या, त्यांवर त्या लोकांच्या परिचयाची चिन्हे कोरली आणि भरलेला हंडा डोक्यावर घेण्यापूर्वी टेकवता यावा म्हणून बेताच्या उंचीचे कट्टे बांधले. पाणी भरणाऱ्या बाईची पाठ किती वाकते याचा विचार करून घडवलेले हे शिल्प आहे. प्रभू येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीशी बोलले, हा प्रसंग आपण जाणतो. तिच्याशी बोलताना त्यांनी तिची नजर टाळली नाही आणि तिला नजरेने जोखलेही नाही. ती आपली घागर तेथेच ठेवून गावात गेली आणि चार लोकांत बोलू लागली. चावडीवर जिचा आवाज नव्हता, तिला त्या विहिरीने आवाज दिला.

यावर आमच्याच धर्मग्रामात घडलेला एक प्रसंग सांगणे भाग आहे. सणाच्या निमित्ताने आम्ही वसतिगृहातील मुलींच्या चित्रांचे लहानसे प्रदर्शन भरवतो. एका वर्षी एका मुलीने हापसा काढला. पाणी भरणारी बाई पाठमोरी होती. भोवतालच्या घरांना खिडक्यांच्या जागी डोळे होते, नुसते डोळे, आणि कोपऱ्यात मोबाईल धरलेला एक हात. समितीतील काही वडीलधाऱ्यांनी ते चित्र काढून घ्यावे असा आग्रह धरला. त्यांपैकी एका काकांचा मुद्दा वजनदार होता. ते म्हणाले, "फादर, बाहेरचे लोक आम्हांला आधीच हलके समजतात. आमच्या गावाची बेअब्रू आमच्याच पोरीने भिंतीवर का टांगावी?"

ज्या समाजाला शंभर वर्षे परक्यांनी मापले आणि रंगवले, त्याने चित्राला भिणे स्वाभाविक आहे, असे आम्ही त्यांना सांगितले. पण या वेळी ब्रश परक्याच्या हातात नव्हता. ज्या मुलीला रोज त्या डोळ्यांखालून पाणी आणावे लागते, तिनेच ते डोळे काढले होते. ते चित्र उतरवले असते तर तिला एकच धडा मिळाला असता: लाज पाहणाऱ्याला नसते, सांगणाऱ्याला असते. चित्र भिंतीवर राहिले. प्रदर्शनाच्या दिवशी बायका त्यापुढे बराच वेळ थांबत होत्या. डोळ्यांच्या कडेला गोंदण असलेल्या एका आजींनी चित्रातील डोळ्यांवर बोट ठेवले आणि त्या म्हणाल्या, आमच्या वेळी हापसा नव्हता, नदी होती. हे मात्र तेव्हाही होते. काकांचे मत अजून बदललेले नाही. ते भेटले की हा विषय काढतात आणि आम्हीही तो टाळत नाही.

तर मग सर्वच चालते काय? आमच्या मते नाही. निव्वळ खळबळ उडवण्यासाठी आणि नाव व्हावे म्हणून केलेली कामेही या क्षेत्रात आहेत, आणि त्यांना आर्तेमिसियाच्या पंक्तीला बसवण्याचे कारण नाही. परंतु कसोटी वस्त्राच्या लांबीची असू नये. ख्रिस्तसभेने हा धडा आपल्याच घरात गिरवला आहे. मायकेलएंजेलोच्या 'अंतिम न्याय' या चित्रातील नग्न देहांवर त्याच्या मृत्यूनंतर, १५६५ मध्ये, दुसऱ्या चित्रकाराकडून वस्त्रे रंगवून घेतली गेली. आणि ८ एप्रिल १९९४ रोजी, चित्राची डागडुजी पूर्ण झाल्यावर, त्याच सिस्टीन प्रार्थनामंदिरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या वास्तूला मानवी देहाच्या ईशज्ञानाचे मंदिर म्हटले. देह पाप नाही. देहाला वस्तू करणारी नजर पाप आहे, असे ते १९७९ पासूनच्या आपल्या बुधवारच्या प्रबोधनांत सांगत आले होते. २९ जून १९९५ च्या स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात तर त्यांनी स्त्रियांच्या मानहानीत ख्रिस्तसभेच्या लेकरांचाही वाटा असल्यास त्याबद्दल खेद व्यक्त केला. चित्र पाहून आपल्या मनात त्या बाईविषयी आदर वाढला की तिला भोगण्याची इच्छा जागी झाली, ही खरी कसोटी आहे. ती आपल्याला स्वतःच्याच मनावर लावावी लागते, आणि म्हणून ती अवघड आहे.

आईवडिलांना आमच्या दोन विनंत्या आहेत. मुलीने काही काढले, लिहिले, आणि ते पाहून आपल्याला अवघडल्यासारखे झाले, तर ते फाडण्यापूर्वी तिला शेजारी बसवून एवढे विचारावे, "बाळ, यात तू कोठे आहेस?" तिचे उत्तर पुरते ऐकावे. तिला पुढे चित्रकलाच शिकायची असेल, तर ते शिक्षणही डॉक्टरकी आणि नर्सिंगइतकेच प्रतिष्ठेचे मानावे. दुसरी विनंती मुलांच्या बाबतीत आहे, आणि ती अधिक निकडीची आहे. मुलीने पदर कसा घ्यावा हे शिकवण्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या खर्च केल्या. मुलाने नजर कशी ठेवावी, न विचारता कोणाचे छायाचित्र काढू नये, आलेले चित्र पुढे पाठवू नये, हे त्याला घरीच आणि लहानपणीच सांगायला हवे. येत्या प्रायश्चित्तकाळात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी दानिएलचा तेरावा अध्याय बत्तिसाव्या वचनासह पूर्ण वाचावा, आणि तो घरातील मुलग्याकडून वाचून घ्यावा.